दुर्गावरचा एकांत

‘दुर्ग’ म्हणजे जिथे जाणे अवघड ते. या व्युत्पत्तीत चढणाऱ्याचा त्रास आहे, वर राहणाऱ्याचा विचार नाही. नवी मुंबईच्या पूर्वेला, पनवेलच्या पलीकडे प्रबळगड आणि त्याला खेटून कलावंतिणीचा सुळका उभा आहे. आषाढातल्या ढगांत तो काळा कातळ भेसूर वाटतो, पण तो खालून. प्रबळमाचीवर ठाकरांची घरे आहेत आणि शिमग्याला तिथले लोक सुळक्याच्या माथ्यावर जाऊन नाचतात. त्यांच्या लेखी दुर्गम असलेच, तर शहर.

अशा जागेचा एकांत ही साधना की शिक्षा, हा प्रश्न जुना आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायात एकांतस्थळाची आवड हे ज्ञानाचे एक लक्षण सांगितले आहे. रायगडासमोरच्या लिंगाण्याला मात्र शिवलिंगाच्या आकारावरून नाव मिळाले आणि त्याचा उपयोग झाला तुरुंगासारखा. तिथल्या कातळात कोरलेल्या गुहा तपस्व्यालाही चालल्या असत्या.

सज्जनगडावर हा पेच माणसांच्या रूपाने दिसतो. समर्थ रामदास 1676 च्या सुमारास तिथे राहायला आले आणि 1682 मध्ये तिथेच त्यांनी देह ठेवला. 1678 मध्ये शिवाजी महाराजांनी संभाजीराजांना त्याच गडावर धाडले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात संभाजीराजे तिथून निघाले आणि थेट मुघल सरदार दिलेरखानाच्या छावणीत गेले. त्यामागे राजकारण होते, हे खरेच. तरी एक फरक उरतो: रामदासांना वाटेल तेव्हा गड उतरून चाफळला जाता येत होते, तर युवराजांचे तिथे राहणे दुसऱ्याने ठरवले होते.

मग उतरण्याची मोकळीक हीच एकांताची कसोटी मानावी, तर धुळ्याचा तुरुंग आडवा येतो. 1932 मध्ये तिथे कैदेत असताना विनोबा भाव्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. दार बाहेरून बंद होते, तरी आत आश्रम चालला. बंध आणि मोक्ष मनाचेच, असे वेदान्त म्हणतो, त्याला हे उदाहरण चपखल बसते. मात्र हा सिद्धान्त कोण कोणाला ऐकवतो, तेही पाहावे लागते. कैद्याने स्वतःपुरता तो मानला तर ते तत्त्वज्ञान असते. पहारेकऱ्याने तोच कैद्याला सांगितला, तर तो कुलपाचाच एक भाग होतो.