मागच्यांना विचारलंस का?

गेल्या वर्षी आई-बाबांना पहिल्यांदाच परदेशात घेऊन गेलो. आमचं विमान पहाटे उतरलं. त्याच सुमारास आणखी दोन विमानं आली होती, त्यामुळे इमिग्रेशनची रांग हॉलभर वळणं घेत पसरली होती. बाबांचे गुडघे दुखतात आणि व्हीलचेअरमध्ये बसणं त्यांना कमीपणाचं वाटतं. म्हणून मी निघण्यापूर्वीच ऑनलाइन पैसे भरून मदतनीस ठरवला होता. आमच्या नावाची पाटी घेऊन एक मुलगी उभी होती. तिने आम्हाला बाजूच्या वाटेने थेट खिडकीपाशी नेलं. रांगेत पहिलाच नंबर असलेली एक बाई झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन उभी होती. आमच्या तिघांचे शिक्के होईपर्यंत ती थांबली.

सामानाची वाट बघताना आई म्हणाली, "तिला विचारलंस का रे?"

"कुणाला?"

"त्या बाळवाल्या बाईला. तिच्यापुढे गेलो ना आपण."

"आई, पैसे भरलेत आपण."

"तिला नाही ना भरलेस."

मी विषय बदलला. पण तो प्रश्न कुठून आला, हे मला माहीत होतं. लग्न करून आई माझगावच्या ताडवाडीतल्या बीआयटी चाळीत आली. प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या या चाळी. मजल्यावर सगळ्यांना मिळून संडास. सकाळी बालदी ठेवली की नंबर लागला. रांग मोडायची सोय तिथेही होती, पण त्यासाठी तोंड उघडावं लागे. "पोराची शाळा आहे, जाऊ का पुढे?" बहुतेक वेळा "जा" असंच उत्तर यायचं. रोज विचारणाऱ्याला मात्र एखादी काकू सुनवायची, "उद्या लवकर ऊठ."

माझ्या कामात रांगांचा हिशेब रोजचाच. सर्व्हरकडे आलेल्या विनंत्याही रांगेतच उभ्या असतात आणि कुणाला आधी सोडायचं हे आम्ही ठरवतो. तोच हिशेब विमानतळावर मांडून बघा. एक खिडकी, माणशी एक मिनिट आणि रांगेत नव्वद जण. आम्ही तिघं शेवटून थेट पुढे गेलो, तर प्रत्येकाची नव्वद मिनिटं वाचली, म्हणजे एकूण दोनशे सत्तर. मागच्या नव्वद जणांना प्रत्येकी तीन मिनिटं जास्त थांबावं लागलं. तेही दोनशे सत्तरच. खिडक्या वाढल्या नाहीत आणि अधिकाऱ्याचा हातही जलद चालला नाही, तर थांबणं नाहीसं होत नाही. ते फक्त एकाच्या पायांवरून दुसऱ्याच्या पायांवर जातं. मी वेळ विकत घेतला असं मला वाटलं होतं. खरं तर तो नव्वद जणांकडून तीन-तीन मिनिटांनी गोळा झाला आणि पैसे मिळाले भलत्यालाच.

म्हणून लवकर होणारी प्रत्येक गोष्ट मला एका मापाने मोजता येत नाही. आपल्याकडे २०२४ मध्ये दिल्लीला आणि २०२५ च्या जानेवारीत मुंबईसह आणखी सात विमानतळांवर नोंदणीकृत प्रवाशांसाठी जलद इमिग्रेशन सुरू झालं. आधी अर्ज करायचा, बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवायचा, मग स्वयंचलित फाटकातून बाहेर पडायचं. भारतीय नागरिकांना त्याचे पैसे पडत नाहीत. तिथून जाणारा माणूस मूळ रांगेतून कमी होतो, म्हणजे मागच्याचाही फायदाच. डॉकयार्ड रोडहून फर्स्ट क्लासने जाणारा जादा पैसे भरतो, पण सीएसएमटीला पोचतो सेकंड क्लासवाल्याच्याच वेळेला. त्याने जागा जास्त घेतली हे खरं, पण मागच्याची गाडी उशिरा आणली नाही. तिरुपतीचं तीनशे रुपयांचं शीघ्रदर्शन मात्र वेगळं. गाभाऱ्यापुढची जागा तेवढीच राहते, त्यामुळे एक रांग पुढे सरकते ती दुसरीला थांबवूनच.

यावर मित्र म्हणतो, "मग बाबांनी दीड तास उभं राहायचं का?" प्रश्न रास्त आहे. बाबांची गरज खरी होती. पण मी दिलेल्या पैशांनी त्यांचे गुडघे तपासले नाहीत. पंचविशीतल्या धडधाकट माणसालाही त्याच पैशांत त्याच मुलीने तसंच पुढे नेलं असतं. आणि रांगेतून बघणाऱ्याला गरजवंत कोण आणि पैसेवाला कोण, हे कळायला काही मार्ग नव्हता. गरज सांगितली तरच गरज असते. मी ती सांगितलीच नाही.

का नाही सांगितली, याचं उत्तर मला उशिरा सापडलं. विचारलं की "नाही" ऐकावं लागू शकतं. चाळीत ते ऐकायची सवय होती, मला ती राहिलेली नाही. मी पैसे दिले ते दीड तासासाठी कमी आणि त्या नव्वद जणांशी बोलायला लागू नये म्हणून जास्त. ज्यांचा वेळ मी घेत होतो, त्यांनाच नकार देण्याची संधी मी ठेवली नाही. मला पैशांपेक्षा हे जास्त खुपतं.

परतताना त्याच विमानतळावर पुन्हा रांग होती. या वेळी मी काही ठरवलं नव्हतं. आईने हिंदी आणि हातवारे यांच्या भरवशावर पुढच्यांना बाबांचे गुडघे दाखवायला सुरुवात केली. सात-आठ जणांनी वाट दिली. मग एका माणसाने मान हलवली. त्याचं विमान आमच्याआधी सुटणार होतं. आई "बरं" म्हणाली आणि त्याच्यामागे उभी राहिली. बाबांनी हँडबॅग आडवी करून तिच्यावर बैठक मारली.

मी मात्र खाली बघत उभा होतो. पुढच्या वेळी पैसे भरणार नाही, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. बाबांचं वय वाढतंय आणि अनोळखी माणसाला विचारताना अजून माझी जीभ अडखळते.