सुपाची किंमत



आठवडी बाजारातून सूप, टोपली किंवा चटई घरी आली की पहिला प्रश्न होतो, "केवढ्याला दिली?" आणि लगेच दुसरा, "सांगितली किती होती?" या दोन आकड्यांमधील अंतर जेवढे मोठे, तेवढे आणणाऱ्याचे कौतुक. १२० रुपये सांगितलेले सूप ८० रुपयांना आणणारी बाई हुशार ठरते. यात कोणी कोणाला फसवले असे कोणालाच वाटत नाही. बुरडाने राजीखुशीने दिले, आपण राजीखुशीने घेतले. मग बिघडले कोठे?

आधी थोडा हिशेब करू. समजा, त्या १२० रुपयांच्या सुपात ४० रुपयांचा बांबू आहे. उरलेले ८० रुपये हातांचे: बांबू चिरायचा, कामट्या काढायच्या, तासून सारख्या करायच्या, विणायचे, काठ बांधायचा. आपण ४० रुपये कमी केले. किंमत एकतृतीयांशाने उतरली असे आपण म्हणतो. पण बांबूचे ४० रुपये बुरडाने आधीच मोजलेले असतात, ते काही कमी होत नाहीत. सगळी कपात मजुरीवर पडते आणि मजुरी थेट निम्मी होते. दहा मिनिटांच्या बोलण्यात आपण एका माणसाचा अर्ध्या दिवसाचा रोज कापलेला असतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी १३व्या शतकात आपल्या 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले आहे. आपल्या आठवडी बाजाराला ते आजही लागू पडते. न्याय्य किंमत म्हणजे काही तराजूच्या काट्यावरचा एकच बिंदू नव्हे, ती अंदाजाने ठरते आणि थोडे इकडेतिकडे झाल्याने न्याय मोडत नाही, असे ते मान्य करतात. त्यामुळे पाच-दहा रुपयांच्या घासाघिशीसाठी आम्ही कोणाला पापनिवेदनाच्या रांगेत उभे करीत नाही! बाजारातली घासाघीस हे एक बोलणेही असते. विचारपूस होते, थट्टा होते, ओळख वाढते. विक्रेताही ते गृहीत धरूनच भाव सांगतो.

पण पुढे संत थॉमस एक बारीक भेद करतात. एखाद्या ग्राहकाला वस्तूची फार निकड आहे, मात्र ती दिल्याने विक्रेत्याचे काही विशेष नुकसान होत नाही. तर त्या निकडीपोटी विक्रेत्याने भाव वाढवावा काय? नाही, असे त्यांचे उत्तर आहे. कारण ती निकड विक्रेत्याची नाही, आणि जे आपले नाही ते विकता येत नाही. हाच नियम आता उलटा करून पाहा. मूल, सिंदेवाही, आरमोरी, धानोरा, कोणताही बाजार घ्या. ऊन उतरते, शेवटची गाडी सुटायची वेळ होते, पाच सुपे अजून तशीच असतात. ती परत नेण्यापेक्षा पडेल त्या भावात देणे बरे, असे विक्रेतीला वाटते. नेमके याच वेळी जाऊन भाव पाडणे याला आपण व्यवहारज्ञान म्हणतो. वास्तविक तेव्हा आपण तिची अडचण आपल्या खिशात घालतो, आणि ती अडचण आपली नसते.

मग 'राजीखुशीने दिले' या शब्दाचा अर्थ काय? पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात मजुरीबाबत हाच मुद्दा मांडला. गरजेपोटी किंवा याहून वाईट होईल या भीतीने मजुराने कमी मोबदला कबूल केला, तर ती कबुली खरी नव्हे, तो अन्याय सोसत असतो. न्याय हा कराराच्याही आधीचा आहे. सूप विकणारीची मजुरी कोणी मालक देत नाही, ग्राहक देतो. म्हणून हे शब्द आपल्याला उद्देशून आहेत असे आम्ही समजतो.

नाही म्हणता येणे किती मोलाचे असते, याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले आणि ग्रामसभा निविदा काढून आपला बांबू विकू लागली. जंगल तेच, बांबू तोच. पण आता व्यापाऱ्याला 'या भावाने देणार नाही' असे सांगता येऊ लागले. बेटातला बांबू थांबू शकतो. विणलेले सूप घेऊन बाजारात बसलेली बाई थांबू शकत नाही.

कोणी म्हणेल, आम्हीही कोळसा खाणीत कंत्राटावर राबतो, आम्हाला कोण पुरेसे देते? ही तक्रार खरी आहे. दोन्हीकडे ओढाताण असेल तर जड बोल लावण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण बैठकीत टांगायला किंवा पाहुण्याला भेट द्यायला घेतलेल्या बांबूच्या वस्तूवरही आपण तेवढीच घासाघीस करतो, तेथे गरजेचे कारण चालत नाही. आणि सांगितलेला भाव पुरता दिला म्हणून दानधर्म केल्याचे समाधानही नको. ते दान नव्हे, देणे आहे.

टसरची, म्हणजे आपल्या कोशाची, गोष्ट थोडी वेगळी. येनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर अळ्या सोडायच्या, पाखरांपासून व मुंग्यांपासून त्यांची राखण करायची, हे काम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ढिवर कुटुंबे करीत आली आहेत. त्या कोशांचे सूत, त्या सुताची करवती काठाची साडी. ती शहरातल्या काचेच्या दुकानात आली की तिच्यावर किमतीची चिठ्ठी असते आणि आपण मुकाट्याने पैसे मोजतो. घासाघीस होते ती खाली बसलेल्याशी. येथे फसवणूक उलट्या दिशेनेही होते, कृत्रिम धाग्याचे कापड कोसा म्हणून गळ्यात मारले जाते. सूत जाळून पाहावे: खऱ्या रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते, कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गुठळी होते. दुकानदाराला एवढे जरूर विचारावे की कोसा कोठला आणि विणले कोणी. ज्याला सांगता येते, त्याच्याकडची साडी बहुधा चार पैसे महागच असते.