पहिला प्रश्न परक्याचा

नांदगाव पेठ हे मुंबई-नागपूर महामार्गावरचं गाव. एका अंगाला अमरावती, दुसऱ्या अंगाला नागपूरच्या वाटेवर मोझरीचं गुरुकुंज. कापडाच्या गिरण्या आणि वीज प्रकल्प आल्यापासून इथल्या शेतीच्या जमिनीवर परगावची, परप्रांतांची माणसं कामाला आली. इथली मुलंमुली शिकायला अमरावतीला जातात. ज्या विद्यापीठाची पदवी ती घेतात ते १ मे १९८३ रोजी स्थापन झालं आणि पुढे त्याला संत गाडगेबाबांचं नाव मिळालं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशिम हे पाच जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. त्यामुळे एकाच वर्गात मेळघाटातला कोरकू मुलगा असतो, अकोल्यातल्या उर्दू शाळेत शिकलेली मुलगी असते, बौद्ध वस्तीतून आलेला, माळकरी घरातला आणि महानुभाव घरातलाही विद्यार्थी असतो. महाविद्यालयात पाऊल टाकल्यावर ‘आपल्या’ मंडळाचं बोलावणं येतं. कुणाची जयंती उत्सव समिती असते, कुणाचं भजनी मंडळ, कुणाचा अभ्यासगट, कुणाची सणापुरती जमणारी मित्रमंडळी. अशी मंडळं असावीत की नसावीत, हा प्रश्न आपण बहुधा शिस्तीचा आणि बंदोबस्ताचा म्हणून सोडवतो. मला तो मुळात धर्माचा प्रश्न वाटतो. श्रद्धा फक्त आपल्यांतच जपायची असते, की ती परक्यासमोर मांडल्याशिवाय पुरी होत नाही?

माझं म्हणणं असं आहे. विद्यापीठाच्या आवारात आपापल्या धर्माची, समाजाची मंडळं असायला हवीत. पण ज्या मंडळात परक्याला प्रश्न विचारता येत नाही, ते मंडळ ज्या धर्माच्या नावानं चालतं त्याचंच नुकसान करतं. या म्हणण्यावर दोन्ही बाजूंनी हरकती येतील. पहिली हरकत सर्वांच्या ओळखीची आहे: विद्यापीठात धर्माचं काय काम? या हरकतीला घटनेच्या २८ व्या अनुच्छेदाचा आधार दिला जातो. पण तो अनुच्छेद पूर्णपणे सरकारी खर्चानं चालणाऱ्या शिक्षणसंस्थेला धर्मशिक्षण देण्याची मनाई करतो. संस्थेनं काय शिकवू नये, हे तो सांगतो. विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन काय करावं, याबद्दल तो काही म्हणत नाही. संघटना करण्याचं स्वातंत्र्य १९ व्या अनुच्छेदात आहे, श्रद्धेचं २५ व्या अनुच्छेदात, आणि ही दोन्ही स्वातंत्र्यं अठरा वर्षांच्या मुलानं फाटकाबाहेर काढून ठेवावीत असं घटनेत कुठंही लिहिलेलं नाही. शिवाय ज्या विद्यापीठानं कीर्तनकाराचं नाव लावलं आहे, त्यानं धर्माची चर्चा आवारात नकोच म्हणणं मला पटत नाही.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे आणि ती सद्भावनेनं घेतली जाते. वेगवेगळी मंडळं मुलांना तोडतात, तेव्हा सर्वांचं मिळून एकच सांस्कृतिक मंडळ ठेवा, असं ती सांगते. ऐकायला हे चांगलं वाटतं. पण ‘सर्वांचं’ म्हणून जे चालतं ते प्रत्यक्षात कोणाचं असतं, हे नीट पाहावं लागेल. स्नेहसंमेलनाची सुरुवात सरस्वतीच्या प्रतिमेला हार घालून होते, तेव्हा बहुतेकांना त्यात काही धार्मिक आहे असं वाटतच नाही. ज्याच्या घरी ती प्रतिमा नसते त्याला मात्र ते लगेच जाणवतं. युवा महोत्सवातलं आदिवासी नृत्य पाहा. कोरकूंच्या घरी होळी हा वर्षातला सर्वांत मोठा सण. कामासाठी दूर गेलेली माणसं त्यासाठी गावी परततात आणि नाचणं त्या सणाच्या, त्या गावाच्या, त्या देवाच्या पोटातलं असतं. महोत्सवात तेच नृत्य ऋतू सोडून, ठरावीक मिनिटांत, ठरावीक संख्येच्या संघानं करायची एक बाब होतं, त्याला गुण मिळतात, आणि पुष्कळदा ते करणाऱ्यांत कोरकू मुलगा एकही नसतो. हे कोणी वाईट हेतूनं करत नाही. पण ज्याचा सण आहे त्याचं बोलणं ऐकून घ्यायला या एका मंडळात जागा उरत नाही. त्याला ती जागा आधी स्वतःची म्हणून मिळायला हवी.

हे पंढरपुरात घडून गेलेलं आहे. अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना देवळात प्रवेश नव्हता आणि उतरायला ठिकाणही नव्हतं, त्या काळात गाडगेबाबांनी तिथं चोखामेळा धर्मशाळा बांधली. जात मोडायला निघालेल्या माणसानं जातीमुळे बाहेर राहिलेल्यांसाठी वेगळी इमारत का उभारावी, असा प्रश्न त्या वेळीही विचारता आला असता. त्याचं उत्तर साधं आहे: रात्री पावसात माणसं उघड्यावर होती. १९४७ मध्ये साने गुरुजींच्या उपोषणानंतर विठ्ठलाचं मंदिर सर्वांना खुलं झालं, आणि १९४९ मध्ये बाबांनी ती धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, विद्यार्थ्यांसाठी. तशीच गोष्ट औरंगाबादची. १९५० मध्ये या सोसायटीनं तिथं महाविद्यालय काढलं. प्राचार्य म. भि. चिटणीसांचं ‘युगयात्रा’ हे नाटक १९५५ मध्ये तिथल्याच विद्यार्थ्यांनी उभं केलं, आणि पुढे त्याच आवारातून गंगाधर पानतावण्यांचं ‘अस्मितादर्श’ निघालं. दलित साहित्याला त्यानं हक्काचं व्यासपीठ दिलं, पण त्याचे वाचक दलितच राहिले नाहीत. सगळ्या मराठी साहित्याला त्याची दखल घ्यावी लागली. आपल्यांत जमल्याशिवाय ते लिहिणं सुरू झालं नसतं, आणि आपल्यांतच राहिलं असतं तर आज त्याचं नावही उरलं नसतं.

हाच अनुभव अमरावती जिल्ह्याच्या मातीत सातशे वर्षांपूर्वीचा आहे. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर हे गोविंदप्रभूंचं गाव, महानुभावांचं मोठं तीर्थ. पंथाचे प्रवर्तक चक्रधर स्वामी गेल्यावर इथं वाजेश्वरी या ठिकाणी बसून त्यांचे अनुयायी म्हाइंभट यांनी स्वामींच्या लीळा, म्हणजे त्यांच्या आयुष्यातले प्रसंग, लिहिल्या, साधारण १२७८ च्या सुमारास. त्या कामाची पद्धत आजच्या संशोधक विद्यार्थ्यानं लक्षपूर्वक पाहावी अशी आहे. ज्यानं स्वामींना पाहिलं, ऐकलं, त्याच्याकडे म्हाइंभट स्वतः जात. स्वामी कुठं बसले होते, कोण बरोबर होतं, कोण काय बोललं, हे विचारून घेत आणि पंथप्रमुख नागदेवाचार्यांपुढे पडताळत. एकाच प्रसंगाची आठवण दोघांची वेगळी निघाली तर वेगळेपणही नोंदलं गेलं. आपल्या देवाबद्दल लिहिताना भक्तानं एवढी विचारपूस करावी, साक्षी तपासाव्यात, मतभेद दडवू नयेत, याचं मोल मराठीनं अजून पुरतं ओळखलेलं नाही. खुद्द लीळाही पुष्कळशा प्रश्नोत्तरांनीच भरलेल्या आहेत. बाया विचारतात, ब्राह्मण विचारतात, वाटेत भेटलेला माणूस विचारतो, आणि स्वामी उत्तर देतात.

पुढे मात्र या पंथानं आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाड्यांनी त्या लिपीचा उलगडा केला, तोवर लीळांचा हा मराठीतला आद्य गद्यग्रंथ बाहेरच्या मराठी माणसाला वाचताच येत नव्हता. या मधल्या शतकांत काय झालं, ते एका म्हणीत उरलं आहे: करणी कसाबाची, बोलणी मानभावाची. अहिंसेला एवढं मानणाऱ्या पंथाबद्दल ही म्हण रूढ व्हावी, याहून मोठा अन्याय कोणता? ती म्हण ज्यांनी केली आणि चालवली, दोष त्यांचाच आहे. पण तिला उत्तर देणारे ग्रंथ कुलपात होते, हेही खरं. इथं कोणी विचारील की लिपी बंद करणं ही हौस होती का. निंदा होत होती, राज्यं उलथत होती, मूळ पोथी धामधुमीत गेली आणि आठवणीतून पुन्हा लिहावी लागली, मग ग्रंथ जपायचे नाहीत तर काय करायचं? हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. कमजोर गट जिवाच्या भीतीनं दार लावतो तेव्हा त्याला बोल लावता येत नाही. पण म्हणूनच आजच्या आवारात दार उघडण्याची जबाबदारी सर्वांवर सारखी नाही. ज्याची संख्या मोठी, ज्याच्या मिरवणुकीला रस्ता आपोआप मोकळा होतो, ज्याच्या देवाची प्रतिमा आधीच प्रत्येक मंचावर आहे, त्या मंडळानं आधी प्रश्न ऐकायला बसलं पाहिजे. वसतिगृहाच्या एका खोलीत नमाज पढणाऱ्या चार मुलांना ‘आधी तुम्ही उत्तर द्या’ म्हणणं म्हणजे चर्चेच्या नावानं झडती घेणं होय.

तिसरी हरकत श्रद्धावंतांची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. श्रद्धा ही प्रश्नांची गोष्टच नाही, ते म्हणतात. प्रश्न आला की भाव गेला. याला उत्तर द्यायला बाहेरचा तत्त्वज्ञ नको, गाडगेबाबांचं कीर्तन पुरेसं आहे. अंगावर चिंध्यांचा सदरा, डोक्यावर गाडगं, हातात खराटा. दिवसभर बाबा गावातल्या गटारी झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभे राहायचे. हातात पोथी नसे आणि निरूपणाचा ठरलेला साचाही नसे. समोरच्या माणसांना ते एकामागून एक विचारत जात: देव राहतो कुठं, नवसाचं बोकड कापल्यानं कोणाचं भलं झालं, सणापायी सावकाराकडून किती काढले, त्याचं व्याज कोण फेडणार. लोक उत्तर देत, आणि त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे. हजारो माणसं आपल्याच तोंडून आपली चूक कबूल करत आणि मग त्याच तोंडानं देवाचं नाव घेत. भाव कुठं कमी झाला त्यात? उलट प्रश्नातून गेलेला भाव माणसाच्या घरापर्यंत, दारूच्या बाटलीपर्यंत, कर्जाच्या कागदापर्यंत पोचला. बौद्ध परंपरेतही हेच दिसतं. ग्रीक राजा मिलिंद नागसेन भिक्षूला एकाहून एक अवघड प्रश्न घालतो, आणि ते प्रश्न बौद्धांनी आदरानं जपले. औरंगाबादच्या त्या महाविद्यालयाला डॉ. आंबेडकरांनी नाव दिलं ते प्रश्न विचारणाऱ्या त्या परक्या राजाचं.

तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना पुरेशी नाही का, असं वऱ्हाडात कोणीही विचारील, आणि विचारायलाच हवं. यावली महाराजांचं जन्मगाव, मोझरी कर्मभूमी. गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव आहेत. संध्याकाळी सगळ्या जातींची माणसं एका रांगेत, एका आसनावर बसतात. ज्या गावात पाणवठे वेगळे होते तिथं हे किती मोठं होतं, याचा अंदाज आजच्या मुलांना येणं कठीण आहे. मोझरीला पुण्यतिथीच्या मौन श्रद्धांजलीला लाखोंचा समुदाय निःशब्द उभा राहतो, सर्व धर्मांच्या प्रार्थना होतात. या प्रार्थनेनं शेजारी बसायला शिकवलं, आणि ती पहिली पायरी आहे हे मी मनापासून मानतो. पण विद्यापीठ ही त्यापुढची जागा आहे. शेजारी बसलेल्या माणसाला तो असं का मानतो, हे तिथं विचारता आलं पाहिजे. सर्व धर्म सारखंच सांगतात असं म्हणून उठून गेलं की कोणत्याच धर्माचं ऐकून घेण्याची गरज उरत नाही. बुद्धानं आत्मा नाकारला आणि गीतेनं तो अविनाशी मानला. इस्लामला मूर्ती मान्य नाही आणि वारकऱ्याला विटेवरच्या मूर्तीवाचून करमत नाही. हे भेद खरे आहेत. ते समजून घेतले तर शेजाऱ्याचा मान वाढतो, झाकून ठेवले तर पहिल्याच भांडणात ते वेडेवाकडे बाहेर येतात.

शेवटची अडचण व्यवहाराची. आज महाविद्यालयीन मंडळांत चर्चेपेक्षा शक्तिप्रदर्शन जास्त दिसतं, हे खरं आहे. त्याचं एक कारण माझ्या मते आवाराबाहेर आहे. १९९४ च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या विद्यार्थी परिषदांच्या थेट निवडणुका बंद केल्या. २०१६ च्या कायद्यानं त्या पुन्हा घेण्याची तरतूद केली, पण ती प्रत्यक्षात उतरली नाही. तरुण मुलांना एकत्र यायचं असतं, पुढारपण करायचं असतं, आणि त्यासाठी जयंतीची समिती एवढीच जागा शिल्लक राहिली. मग ढोल, बॅनर आणि वर्गणी यांतच सगळी ताकद जाते. म्हणून मंडळं बंद करा म्हणणाऱ्यांनी त्या मुलांना दुसरं काय दिलं, हे आधी सांगावं.

तेव्हा या पाच जिल्ह्यांतल्या समित्यांना, आणि आधी त्यांतल्या सर्वांत मोठ्या समित्यांना, माझी विनंती आहे. या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेत मिरवणूक आणि व्याख्यान यांच्या जोडीला एक तास प्रश्नांसाठी राखा. दुसऱ्या मंडळातल्या विद्यार्थ्यांना आमंत्रण द्या, पहिल्या रांगेत बसवा, आणि पहिला प्रश्न त्यांना विचारू द्या. उत्तर येत नसेल तर तसं सांगा, आणि पुढच्या बैठकीला वाचून या.