देणाऱ्याचा हिशेब, घेणाऱ्याचा हिशेब

(कोल्हापुरातली एक तालीम. संध्याकाळची मेहनत संपवून शिष्य हौद्याच्या कडेला अंगावरची तांबडी माती खरवडतो आहे.)

शिष्य : वस्ताद, आबा म्हणतात, अर्धा एकर गहाण टाकू, पण तू मॅटवरच्या सरावाला जा. मला पैलवान खाशाबा जाधव आठवले. त्यांना ऑलिम्पिकला पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. मग मी का मागं सरू?

वस्ताद : १९५२ ला हेलसिंकीत पदक मिळणार, हे खर्डेकरांना ठाऊक होतं?

शिष्य : नव्हतं.

वस्ताद : आपल्याला शेवट माहीत आहे, म्हणून ते धाडस सोपं वाटतं. सगळं पणाला लावून रिकाम्या हातानं परतलेल्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही.

शिष्य : म्हणजे खाशाबांकडून काही घ्यायचंच नाही?

वस्ताद : घे की, पण पुरतं घे. १९४८ ला लंडनला मॅट नवी, नियम नवे. तरी सहावे आले. नशिबाला बोल लावला नाही. चार वर्षं मेहनत केली आणि वरच्या वजनगटात उतरून कांस्य आणलं.

शिष्य : मेहनतीला मी तयार आहे. पण जमीन आबांची. तरी ते आपणहून देतायत. खर्डेकरांनी नफातोटा बघितला असता, तर पदक आलं असतं का?

वस्ताद : नसतं आलं. देणाऱ्यानं हिशेब करू नये, हे खरंच. पण घेणाऱ्यानं करावा. पदक घेऊन आल्यावर निघालेली १५१ बैलगाड्यांची मिरवणूक सगळे सांगतात. त्यानंतर खाशाबा कुस्त्या लढले आणि त्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवलं. मला ते पदकाइतकंच मोठं वाटतं.

शिष्य : ते जिंकून आले होते. मी हरलो तर?

वस्ताद : हाच प्रश्न आबांसमोर मांड. हरून आलास तरी कर्ज कसं फेडशील, ते सांग. सांगता आलं तर बिनघोर जा. नाही आलं, तर खाशाबांचं नाव घेऊन बापाची जमीन लावू नकोस.

शिष्य : दूध संघात रात्रपाळीचं काम मिळेल. त्या पगारात फिटेल एवढंच कर्ज काढू. सराव चार महिने कमी होईल.

वस्ताद : होऊ दे. तेवढ्यात जीव तोडून शीक. खाशाबांचं नाव घ्यायचा हक्क तुला आता आला.