टाकी केवढी घ्यावी?

घरात प्रवाळाची खारी टाकी ठेवायची तर केवढी, हा प्रश्न लोक सोफ्याशेजारची जागा मोजून सोडवतात. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर; मी शिल्लक बघतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात मीठ साधारण ३५ ग्रॅम. ४० लिटरच्या टाकीतून २ लिटर पाणी उडालं, की खारेपणा ५ टक्क्यांहून जास्त चढतो. ४०० लिटरच्या टाकीत तेवढंच उडालं, तर जेमतेम अर्धा टक्का!

म्हणजे लहान टाकीत हलगर्जीपणा मालकाचा आणि दंड माशाला. आमच्याकडे रोकड कमी भरली तर निदान कॅशियरच्याच खिशातून जाते.

मग मोठीच घ्यावी? ४०० लिटर पाणी म्हणजे ४०० किलोंच्या वर वजन. खालच्या मजल्यावरच्यांची झोप उडायची. शिवाय जागा दिसली, की आपण मासे वाढवतो. आणताना बोटभर असलेला निळा सर्जनफिश पुढे फूटभर होतो.

तेव्हा जीव पाळायचा तर टाकीला माप आपल्या हौसेचं नव्हे, आपल्या विसरभोळेपणाचं लावावं. तेवढी टाकी घरात मावत नसेल, तर सरळ चौपाटीवर जाऊन बसावं. तिथली टाकी पुरेशी मोठी आहे.