पाडापाडीच्या हिशेबाबाहेरचे वैमानिक

दोन देशांत चकमक उडाली की वाहिन्यांवर लगेच पाडापाडीचे आकडे झळकू लागतात. किती विमाने पाडली, कोणी पाडली, एवढेच विचारले जाते. ज्यांनी काही पाडले नाही, ते जणू उडालेच नव्हते. हा हिशेब अन्यायाचा आहे. त्यासाठी ज्या पहिल्या महायुद्धाचा दाखला देतात, त्याच युद्धाने तो खोटा ठरवला होता.

फ्रेंच वैमानिक गारो, विमानरचनाकार फॉकर, जर्मन वैमानिक इमेलमान आणि रिश्टहोफेन ही नावे वाचकांना परिचित आहेत. १९१५ मध्ये फिरत्या प्रॉपेलरच्या पात्यांमधून गोळ्या झाडता येऊ लागल्या आणि एकट्या वैमानिकाला शिकार साधू लागली. खंदकांतल्या चिखलाने थकलेल्या वाचकांना वर्तमानपत्रांनी आकाशातले वीर दिले. पाच विमाने पाडली की ‘एस’, ही मोजणी फ्रेंचांनी रूढ केली. इथवर वाद नाही.

गल्लत होते ती १९१६ मध्ये. ४० विमाने पाडणारा जर्मन वैमानिक ओस्वाल्ड बोल्के हा एकट्या शिकाऱ्यांचा मुकुटमणी मानला जातो. माझ्या मते एकट्याचे युग त्यानेच संपवले. त्याचे नियम पाहा: सूर्य पाठीशी ठेवा, अगदी जवळ गेल्यावरच गोळी झाडा, एका शत्रूमागे दोघांनी लागू नका, चार-सहा जणांनी मिळून हल्ला करा. यात द्वंद्वयुद्धाला जागाच नाही. शत्रूला बेसावध गाठायचे आणि सोबत्याची पाठ राखायची, एवढेच त्यात आहे. २८ ऑक्टोबर १९१६ रोजी तो गेला, तोही शत्रूच्या गोळीने नव्हे. झुंजीच्या गर्दीत एर्विन बोमे या सोबत्याच्या विमानाशी त्याची टक्कर झाली. गटाची शिस्त ही जगण्याचीच अट होती, हे त्याच्या मरणानेही दाखवले.

त्यानंतर लढाऊ वैमानिकाचे आयुष्य म्हणजे मुख्यतः गस्त आणि टेहळणी विमानांची राखण. उघड्या कॉकपिटमध्ये हाडे गोठवणारी थंडी, विरळ हवा, ऐन वेळी अडकणारी मशीनगन. ब्रिटिश वैमानिकांना पॅराशूटही दिले जात नसे. राखलेले टेहळणी विमान छायाचित्रे घेऊन सुखरूप परतले, तर त्याची नोंद कोणाच्याही नावावर होत नसे.

मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंकर याच युद्धात उतरले. त्या काळी ब्रिटिश विमानदलात अधिकारी झालेले हिंदी वैमानिक अगदी मोजके होते. वेलिंकर २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये होते. तिथल्या सॉपविथ डॉल्फिन विमानात वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्या चौकटीतून बाहेर येई. विमान उलटले तर मानेवरच बेतायचे. जून १९१८ मध्ये वेलिंकरांनी फ्रान्सच्या आघाडीवर प्राण गमावले. पुढच्याच महिन्यात, २२ जुलैला, १९ वर्षांचे हिंदी वैमानिक इंद्रलाल रॉय पडले. दोन आठवड्यांत दहा विजय मिळवल्यामुळे रॉय स्मरणात राहिले, आणि ते योग्यच झाले. पण वेलिंकरांचे नाव महाराष्ट्रातही फार थोड्यांना ठाऊक आहे. आकड्यांनी शौर्य मोजण्याची ही किंमत आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. पुढच्या चकमकीनंतर किती विमाने पाडली हे विचारण्याआधी, आपल्या सोबत्यांना सुखरूप परत कोणी आणले, हे विचारा.