परतलेल्याचं आणि राहिलेल्याचं नागपूर

डिसेंबरात नागपूरला थंडी पडते, हिवाळी अधिवेशन भरतं आणि परदेशी स्थिरावलेले नागपूरकर गावी येतात. १९६० साली सुरू झालेलं विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय (व्हीआरसीई) २००२ पासून व्हीएनआयटी झालं. जुन्या विद्यार्थ्यांच्या तोंडी ते अजून व्हीआरसीईच आहे. तिथून आणि मेडिकल कॉलेजातून शिकून कितीतरी मुलं अमेरिकेला, इंग्लंडला गेली. आता ती स्नेहमेळाव्यांना येतात आणि जुन्या मित्रांसोबत स्वतःचंच गाव बघायला निघतात.

या फिरण्यात एक वाक्य हमखास येतं : पूर्वी असं नव्हतं. २०१९ साली सुरू झालेल्या मेट्रोतून सीताबर्डी वरून दिसते. १९०७ सालचा झिरो माइलचा स्तंभ उंच इमारतींपुढे लहान वाटतो. धरमपेठेतले अंगणवाले बंगले पाडून फ्लॅट उभे राहिले. परतलेल्याला काय गेलं ते आधी दिसतं. त्याच्या मनातलं शहर तो निघाला त्या वर्षीच थांबलेलं असतं. हे दुःख खरं आहे. पण शहराचा हिशेब तेवढ्यावर पुरा होत नाही.

१९५६ सालच नजरेपुढे आणावं. १ नोव्हेंबरला मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली आणि नागपूरचं राजधानीपण संपलं. कचेऱ्यांसोबत अनेक कुटुंबांना गाव सोडावं लागलं. त्यांच्या आठवणीत ते वर्ष ऱ्हासाचं. मात्र त्याआधी अवघे अठरा दिवस, १४ ऑक्टोबरला, याच शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला होता. त्या अनुयायांसाठी ते वर्ष माणूसपण परत मिळाल्याचं. शहर एकच, शरद ऋतूही तोच. एकाने गेलेलं मोजलं, दुसऱ्याने मिळालेलं.

म्हणून सोबतीला जुना मित्र हवा. धम्मदीक्षा झाली त्या दीक्षाभूमीवरचा भव्य स्तूप २००१ मध्ये खुला झाला. त्याआधी परदेशी गेलेल्याने तो उभा राहताना पाहिला नाही. मागे राहिलेल्याने पाहिला. उलट, इथे जन्म काढलेल्यांपैकी अनेकांनी सीताबर्डीचा किल्ला आतून पाहिलेला नसतो. १८१७ च्या नोव्हेंबरात किल्ल्याच्याच टेकड्यांवर अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली. आज किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे आणि वर्षातले मोजकेच दिवस लोकांसाठी उघडतो. रोज पायथ्यावरून जाणाऱ्याचा तो पाहायचा राहूनच जातो. पाहुण्याच्या निमित्ताने त्यालाही आपलं शहर नव्याने दिसतं. एकाकडे तुलना असते, दुसऱ्याकडे सलग साक्ष. दोन्ही जुळल्या की शहर पुरतं कळतं.

आणखी एक गोष्ट बोलली जात नाही, ती बोलायला हवी. जो राहिला तो नुसता मागे राहिला नाही. गेलेल्या मित्राच्या आईला दवाखान्यात त्यानेच नेलं, वडिलांच्या पेन्शनसाठी बँकेत तोच गेला, मे महिन्यातल्या मयतीला खांदाही त्यानेच दिला. परतलेल्याला आज ज्या घराचा उंबरा ओलांडता येतो, तो अशाच माणसांनी राखलेला असतो.

तेव्हा पुढच्या वेळी गावी याल, तर आपल्या आठवणींची यादी बाजूला ठेवा. तर्री-पोहे खाऊन झाले की मित्राला विचारा, "तुला काय दाखवायचंय?" आणि तो नेईल तिथे जा. शहर कसं असावं हे सांगण्याचा पहिला हक्क तिथे राहिलेल्याचा आहे.